चाल सोडा, भाषा धरा

परदेशस्थ आंबेडकरी समाजात गेली काही वर्षे एक विलाप सातत्याने ऐकू येतो. मुले भीमगीते गात नाहीत. जयंतीच्या कार्यक्रमास येतात ती जेवणाच्या वेळेस. आणि घरी परतताच खोलीचे दार लावून गिटार, ड्रम आणि आरडाओरडा यांत रमतात. या विलापाचा शेवटही ठरलेला असतो : नवी पिढी आपल्या हातून गेली! हा निष्कर्ष आम्हांस मुळीच मान्य नाही. पिढी हातून जात असेलच तर ती गिटारमुळे जात नाही. किंबहुना तीच गिटार तिला आपल्या इतिहासाकडे परत आणण्याचे साधन होऊ शकते, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मताचा पुरावा शोधण्यासाठी नागपूरला वा मुंबईला जाण्याचे कारण नाही. आपण ज्या देशात राहतो, कर भरतो आणि मुले वाढवतो, त्या न्यूझीलंडमध्येच तो पुरावा उभा आहे.

१ जून २०१८ रोजी 'एलियन वेपनरी' नावाच्या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. त्याचे नाव 'तू'. माओरी भाषेत तू हे युद्धदेवतेचे नाव आहे आणि उभे राहणे असाही त्या शब्दाचा अर्थ आहे. वाद्यवृंद विशीही न ओलांडलेल्या तीन मुलांचा. हेन्री आणि लुईस डी याँग हे दोघे भाऊ आणि त्यांचा सोबती ईथन ट्रेम्बाथ. ड्रम हेन्रीकडे, गिटार आणि मुख्य गायन लुईसकडे, बेस गिटार ईथनकडे. २०१० साली या भावांनी वाद्यवृंद सुरू केला, तेव्हा थोरला दहा वर्षांचा आणि धाकटा आठ वर्षांचा होता. पुढे कुटुंब ऑकलंड सोडून उत्तरेकडील वाइपू या लहानशा गावी राहावयास गेले. २०१६ साली त्यांनी शालेय वाद्यवृंदांच्या 'रॉकक्वेस्ट' आणि 'पॅसिफिका बीट्स' या दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. आरंभीच्या गाण्यांना 'न्यूझीलंड ऑन एअर' या सार्वजनिक निधीचे साहाय्य लाभले आणि अल्बम प्रसिद्ध केला तो ऑस्ट्रियातील 'नेपाम रेकॉर्ड्स' या कंपनीने. पहिल्या ठोक्यापासून पहिल्या अल्बमपर्यंत आठ वर्षे गेली. या आठ वर्षांत घराच्या भिंतींनी आणि शेजाऱ्यांनी काय सोसले असेल, याची कल्पना ड्रम वाजवणाऱ्या मुलांच्या पालकांना सहज येईल!

संगीताचा प्रकार कोणता? रॉक संगीतातील 'मेटल' म्हणून ओळखला जाणारा, आपल्यातील बहुतेक ज्येष्ठ ज्यास गोंगाट म्हणून मोकळे होतात तो. पण त्या गोंगाटात शब्द कोणते आहेत, हे ऐकण्याचे कष्ट आपण घेतले पाहिजेत. 'राउपातु' या गीताचा विषय आहे १८६३ सालचा 'न्यूझीलंड सेटलमेंट्स अॅक्ट'. या कायद्याने ज्या जमातींवर बंडखोरीचा शिक्का मारला, त्यांच्या जमिनी सरकारजमा करण्याचा अधिकार शासनाने स्वतःस घेतला. एकट्या वाइकातो प्रदेशात सुमारे बारा लाख एकर जमीन अशा रीतीने हिरावली गेली. 'रू आना ते फेनुआ' हे गीत २९ एप्रिल १८६४ च्या पुकेहिनाहिना, म्हणजेच गेट पा येथील लढाईचे आहे. तौरंगाजवळच्या त्या टेकडीवर सुमारे सतराशे ब्रिटिश सैनिकांनी तोफांसह चढाई केली. समोर माओरी योद्धे होते ते सुमारे अडीचशे. चढाई फसली आणि साम्राज्याच्या फौजेस माघार घ्यावी लागली. त्या लढाईत धारातीर्थी पडलेला ते आहोआहो हा या दोन भावांचा पूर्वज. म्हणजे सोळा-सतरा वर्षांची मुले विजेच्या गिटारवर आपल्या पूर्वजाचा मृत्यू गात आहेत, आणि तो त्याच्याच भाषेत गात आहेत.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. या अल्बमात केवळ गोऱ्यांवरील आरोपपत्र नाही. 'काइ तांगाता' हे गीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बंदुकांच्या युद्धांविषयी आहे. ज्या माओरी जमातींच्या हाती युरोपीय बंदुका प्रथम पडल्या, त्यांनी इतर माओरी जमातींचा जो संहार केला, त्याची ती कथा. आपल्या पूर्वजांनी सोसलेला अन्याय गाणे सोपे असते. त्यांनी केलेला अन्याय गाण्यास अधिक धैर्य लागते. शिवाय अल्बममध्ये काही गीते चक्क इंग्रजीत आहेत आणि त्यांत आजच्या तरुणाची घुसमट आणि चारचौघांत वाटणारे भय आहे. कोणीही या मुलांना असे सांगितले नाही की, तुम्ही माओरीत गाणार असाल तरच इंग्रजीत गाण्याची परवानगी मिळेल, किंवा युद्धाचे गाणार असाल तर मनाचे गाऊ नका.

या अल्बमचे स्वागत कसे झाले, हेही उद्बोधक आहे. 'काइ तांगाता'चे चित्रफीतरूप जगभर लाखो लोकांनी पाहिले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तर जर्मनीतील वाकन या खेड्यात भरणाऱ्या प्रचंड मेटल महोत्सवात हा वाद्यवृंद वाजला. त्याच वर्षी त्याने 'मिनिस्ट्री' या जुन्या वाद्यवृंदासमवेत अमेरिकेचा दौरा केला. पुढे २०२१ मध्ये 'तांगारोआ' आणि २०२५ मध्ये 'ते रा' हे अल्बम आले. युरोपातील आणि अमेरिकेतील काही श्रोत्यांनी हे सारे नवलाई म्हणून ऐकले असेल : गोंदणे, हाका नृत्यघोष आणि रानटी तालाची मौज. हा धोका दुर्लक्षिण्यासारखा नाही. ज्यांच्या इतिहासास रंगीबेरंगी तमाशा समजले जाते, त्यांना टाळ्या फार स्वस्तात मिळतात. परंतु टाळ्या कोण वाजवते यापेक्षा आपल्या घरातील मूल ते शब्द उच्चारते की नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. माओरी समाजाने या प्रश्नाचे उत्तर आधीच शोधून ठेवले होते, म्हणूनच हा अल्बम होऊ शकला. आपल्याला शिकण्यासारखे जे आहे ते येथेच.

भाषा आकाशातून पडत नाही. १८६७ च्या 'नेटिव्ह स्कूल्स अॅक्ट'ने माओरी मुलांच्या शाळांत इंग्रजी हे शिक्षणाचे माध्यम ठरवले. शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मार खाल्लेल्या पिढ्यांनी पुढे आपल्या मुलांशी ती भाषा बोलणेच सोडले. मार चुकावा म्हणून सोडले, प्रगती व्हावी म्हणून सोडले. ही कथा कोणास ओळखीची वाटत असेल तर तो योगायोग नव्हे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही भाषा मरणपंथास लागली. तेव्हा 'न्गा तामातोआ' या तरुणांच्या संघटनेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तीस हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन १४ सप्टेंबर १९७२ रोजी संसदेस सादर केले. १९८२ साली वेलिंग्टनजवळील वाइनुइओमाता येथे पहिले कोहांगा रेओ, म्हणजे भाषेचे घरटे, सुरू झाले. तेथे आजी-आजोबा नातवंडांशी केवळ माओरीत बोलत. १९८५ साली ऑकलंडमधील होआनी वाइतीती माराए येथे पहिली कुरा काउपापा, म्हणजे संपूर्ण माओरी माध्यमाची शाळा, उभी राहिली. १९८६ साली वाइतांगी न्यायाधिकरणाने ही भाषा म्हणजे कराराने संरक्षिलेला ठेवा आहे असा निर्णय दिला आणि १९८७ च्या कायद्याने तिला राजभाषेचा दर्जा मिळाला.

या क्रमाकडे लक्ष द्या. आधी तरुणांची चळवळ, मग आज्यांची घरटी, मग शाळा आणि शेवटी कायदा. डी याँग बंधू बालपणी कुरा काउपापात शिकले. तेथे हाका आणि वाइआता, म्हणजे गीत, हा रोजच्या दिनक्रमाचा भाग असतो. भाषेचे बीज तेथे पेरले गेले. त्या बीजास गिटारचे पान फुटेल की बासरीचे, हे पेरणाऱ्या आज्यांनी ठरवून दिले नव्हते. त्यांनी भाषा हाती दिली, इतिहास हाती दिला आणि चाल मात्र मुलांवर सोडली.

हे एका रात्रीत घडलेले नाही. १९८१ साली 'हर्ब्ज' या वाद्यवृंदाने जमैकाच्या रेगे तालावर आपले गाणे मांडले. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या मुखपृष्ठावर १९७८ साली बास्टियन पॉइंट येथून माओरी आंदोलकांना पोलिसांनी हुसकावले त्या प्रसंगाचे छायाचित्र होते. १९८२ मध्ये पातेआ गावातील मांस गोठवण्याचा कारखाना बंद पडला आणि गाव बेकार झाले. त्या गावच्या माओरी क्लबने दालव्हेनियस प्राइम यांच्या संगीतावर आणि न्गोई पेफाइरांगी यांच्या शब्दांवर 'पोइ ए' हे गीत उभे केले. कोणतीही मोठी कंपनी ते काढावयास तयार नव्हती, म्हणून प्राइम यांनी स्वतःच कंपनी काढली. १९८४ मध्ये ते गीत देशात प्रथम क्रमांकावर पोहोचले आणि चार आठवडे तेथे राहिले. त्यात पारंपरिक पोइ होते आणि डिस्कोचा ठेकाही होता. परंपरा बिघडली म्हणून कोणी नाके मुरडली असतील, तर आज त्यांची नावे कोणास आठवत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. भीमगीताची चाल पवित्र आहे, ती बदलता कामा नये, असे म्हणणाऱ्यांनी भीमगीताचा इतिहास तपासावा. सत्यशोधकांचा जलसा तमाशाच्या चौकटीतून निघाला. गण होता, पण त्यातून गणपती हद्दपार झाला. बतावणी होती, पण ती भटशाहीची चिरफाड करू लागली. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रीत आंबेडकरी जलशात पुढे नेली. त्या जलशांनी प्रस्थापितांवर टीका केली, तशीच आपल्या वस्तीतील अंधश्रद्धेवर, मृतमांसावर, दारूवर आणि मुलांना शाळेत न धाडणाऱ्या बापांवरही केली. आपल्या अनेक सभांचे काम एक जलसा करतो, असे मोल बाबासाहेबांनी त्या कलेचे केल्याची आठवण आंबेडकरी समाजात आजही सांगितली जाते. त्यानंतर सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आले आणि खेड्यापाड्यांतून गात राहिले. भीमगीतांनी कव्वालीचा बाज उचलला, चित्रपटांच्या चाली उचलल्या, कॅसेटच्या जमान्यात बेंजो आणि ढोलकीबरोबर इलेक्ट्रॉनिक वाद्येही उचलली. ज्या काळी ज्या चालीवर लोकांचे पाय थिरकत, त्या चालीत आमच्या शाहिरांनी बाबासाहेब भरले. सोवळ्या संगीतप्रेमींनी त्यास उथळ म्हटले, सवंग म्हटले, गोंगाट म्हटले. आणि आज तोच 'गोंगाट' हा शब्द आपल्यातील काही मंडळी आपल्याच मुलांच्या तोंडावर फेकतात! ज्या दगडाने आमच्या शाहिरांना मारले, तो उचलून नातवंडांना मारण्याचा अधिकार यांना कोणी दिला?

भीमगीताचा प्राण चालीत कधीच नव्हता. तो शब्दांत होता आणि तो शब्द वस्तीतल्या माणसाच्या जिभेवरचा होता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जणांचे प्राण गेले. त्या आघाताने शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. ज्या परंपरेतील कलावंतास आपल्या लोकांचे मरण असे झोंबते, ती परंपरा ताल बदलल्याने मरत नसते. ती मरते जेव्हा ऐकणाऱ्यास शब्दच कळत नाहीत.

आणि परदेशात नेमके हेच घडत आहे. आपल्या संस्था चाल राखतात आणि भाषा सोडून देतात. जयंतीच्या व्यासपीठावर ध्वनिमुद्रित भीमगीत लागते, मुले त्यावर बसवलेला नाच करतात, पालक भ्रमणध्वनीवर चित्रण करतात. त्या मुलास विचारा, बाळ, तू ज्यावर नाचलास त्याचा अर्थ काय? उत्तर येत नाही. देवनागरी वाचता येत नाही, घरी मराठीत विचारलेल्या प्रश्नास इंग्रजीत उत्तर येते, आणि इंग्रजी अस्खलित आहे याचे घरी कौतुक होते. मुलाच्या हाती मग उरते काय? एक तसबीर, एक घोषणा आणि एक ठेका. माओरी आज्यांनी भाषा धरली आणि चाल सोडली. आपण चाल धरली आणि भाषा सोडली. फळ दोन्हीकडे पेरणीप्रमाणेच मिळाले आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा परामर्श घेणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप धम्माचा. असे संगीत बौद्ध जीवनाशी विसंगत आहे, असे म्हणतात. नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा भिक्षूंसाठी आणि उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणाऱ्यांसाठी आहे. गृहस्थ ज्या पंचशीलाचे ग्रहण करतो, त्यात ती नाही. दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख गंधर्व वीणा घेऊन भगवंतांसमोर येतो आणि गातो. त्याच्या त्या गीतात प्रेमाची विरहव्यथाही आहे. भगवंत त्यास हाकलून देत नाहीत, तर तारेचा स्वर आणि कंठाचा स्वर कसा एकरूप झाला याची प्रशंसा करतात. सोण थेरास मध्यम मार्ग समजावून देताना त्यांनी दृष्टान्त घेतला तोही वीणेच्या तारांचाच. तथागतांना जे खटकले नाही, ते आपल्या कार्यकारिणीस खटकावे, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप अभ्यासाचा. आधी शिक्षण, मग छंद. शिक्षणाचे महत्त्व आंबेडकरी माणसास कोणी शिकवावयास नको. बाबासाहेबांच्या घरातील ग्रंथांची रास सर्वांना ठाऊक आहे, पण उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते, हे सांगावयास मात्र आपण विसरतो. ज्ञान आणि कला यांत वैर नाही. वैर आहे ते भीतीचे. मूल डॉक्टर वा अभियंता झाले नाही तर चार लोकांत आपली किंमत उतरेल, ही ती भीती.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाबासाहेबांनी आपले महान ग्रंथ इंग्रजीत लिहिले. मग मुलांना इंग्रजी पुरे आहे, मराठीचा आग्रह कशासाठी? खरे आहे, जगाशी आणि सत्तेशी बोलताना त्यांनी इंग्रजी वापरली. परंतु आपल्या माणसांशी बोलावयाचे होते तेव्हा त्यांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढले. पुढची 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ही पत्रेही मराठीच. ज्याच्याकडे दोन्ही भाषा होत्या, त्याचा दाखला देऊन मुलांना एकाच भाषेवर बसवणे हा युक्तिवाद नव्हे. ती आळसाची पळवाट आहे.

आणि ही मराठी कोणाची? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. परदेशातील प्रस्थापितांच्या मंडळांतून पेढे वाटले गेले. त्या मंडळांच्या व्यासपीठावर मराठी संस्कृती म्हणजे नाट्यगीत, भावगीत आणि गणेशोत्सव, एवढाच हिशेब असतो. त्या हिशेबात वामनदादा नसतात, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' नसतो, घोगरे नसतात. आपण आपल्या मुलांना मराठी दिली नाही, तर या देशात मराठी उरेल ती केवळ त्यांची. मग आपल्या आजीची मराठी ही मराठीच नव्हती, असे कोणी सांगितले तर उलट उत्तर देण्यास आपल्या घरात कोणी उरणार नाही.

चौथा आक्षेप असा की, माओरींचा लढा वेगळा, आपला वेगळा. वेगळा आहेच. त्यांचा प्रश्न हिरावलेल्या जमिनीचा. आपल्या पूर्वजांना जमीन धरण्याचाच अधिकार नाकारला गेला होता, म्हणून तर दादासाहेब गायकवाडांना भूमिहीनांचे सत्याग्रह उभारावे लागले. तथापि वेगळेपणा म्हणजे परकेपणा नव्हे. १९७१ साली ऑकलंडमध्ये पॅसिफिक बेटांवरील आणि माओरी तरुणांनी 'पॉलिनेशियन पँथर्स' स्थापन केली. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' जन्मास आली. दोघांनी नाव घेतले ते अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन वस्त्यांतील तरुणांना तोच प्राणी आपला वाटला. या नात्याची ओळख आपल्या मुलांना करून देणे हे आपले काम आहे.

त्या नात्याबरोबर एक जबाबदारीही येते. आपण या देशात व्हिसा घेऊन आलो, घर घेतले, स्थिरावलो. ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनास शिवत नाही. हॅमिल्टनमध्ये वा तौरंगात घर असेल तर 'राउपातु' हे गीत आपल्या अंगणाचेच आहे. १९९५ साली वाइकातोच्या हिरावलेल्या जमिनींसाठी १७ कोटी डॉलरचा समझोता झाला आणि राणी एलिझाबेथ यांनी स्वतः वेलिंग्टन येथे त्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्यातच राजसत्तेची क्षमायाचना नमूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये वाइतांगी कराराच्या तत्त्वांचा नवा अर्थ लावू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध हजारो लोक चालत संसदेवर गेले. एप्रिल २०२५ मध्ये ते विधेयक फेटाळले गेले. 'सर्वांना समान नियम' हा त्या विधेयकाच्या समर्थकांचा युक्तिवाद वरकरणी किती गोड वाटतो! आरक्षणाच्या विरोधात हाच गोड युक्तिवाद आपण भारतात आयुष्यभर ऐकला आहे. ज्याने तो तेथे ओळखला, त्याने तो येथेही ओळखावा. जातीच्या प्रश्नावर जगाने आपल्या बाजूने उभे राहावे अशी अपेक्षा करणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या प्रश्नावर तटस्थ राहून चालणार नाही.

मातृभूमीतही नव्या वाटा फुटल्या आहेत. मुंबईत कबीर शाक्य यांच्या 'धम्म विंग्ज' या वाद्यवृंदाने बुद्ध-आंबेडकरी विचार रॉक संगीतातून मांडला. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभे राहिले. त्याचे नाव तमिळ बौद्ध विचारवंत अयोथी दास यांच्या जातिविरहित तमिळ या कल्पनेवरून घेतलेले आहे. त्यात रॉकची गिटार आहे, रॅप आहे आणि ज्या वाद्यास अस्पृश्यांचे म्हणून हिणवले गेले ते परै वाद्यही आहे. वाद्यास जात नसते. ते वाजवण्याची सक्ती जातीची होती. ती सक्ती संपली की तेच वाद्य मुक्तीचे होते, हे त्या तरुणांनी दाखवून दिले. आपल्या मुलांनी ड्रम वाजवला म्हणून ती आंबेडकरी परंपरेबाहेर गेली असे मानणाऱ्यांनी हा ठोका कान देऊन ऐकावा.

तेव्हा करावयाचे काय? आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. जेथे जेथे मुलांसाठी धम्मवर्ग चालतात, तेथे वंदनेनंतर एक तास देवनागरी वाचनास आणि मराठी बोलण्यास द्यावा, आणि तो तास ज्येष्ठांनी घ्यावा. आपल्या समाजाचे कोहांगा रेओ म्हणजे आपल्या घरी सहा महिन्यांसाठी आलेली आजीच आहे. तिला स्वयंपाकघरात आणि नातवंडांना ने-आण करण्यात अडकवून ठेवू नका. दुसरी गोष्ट, तिच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्या घरातील कोण नागपुरास होते? तेथे पोहोचले कसे? १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला, तेव्हा आपल्या घराचे काय झाले? डी याँग बंधूंना आपला पूर्वज नावानिशी ठाऊक आहे आणि तो कोणत्या टेकडीवर पडला हेही ठाऊक आहे. आपल्या मुलांना बाबासाहेबांचे चरित्र सांगितले जाते, पण स्वतःच्या आजोबांचे चरित्र सांगितले जात नाही. बाबासाहेबांच्या मागे चालणाऱ्या त्या लक्षावधी पावलांत एक जोडी आपल्या घरची होती, हे ज्या मुलास कळेल, त्यास गाण्यासाठी विषय शोधावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट व्यासपीठाची. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमातील अर्धा तास मुलांच्या स्वाधीन करा, आणि तो भाषणे संपल्यावर सभागृह रिकामे होत असतानाचा नव्हे, तर सभागृह भरलेले असतानाचा. त्यांनी काय वाजवावे हे ठरवू नका. गीतातील सन चुकला असेल तर सांगा, मराठी शब्द अडला असेल तर सांगा, इतिहास अपुरा असेल तर पुस्तक हाती द्या. ताल मात्र त्यांचा. त्यांनी आपल्यावरच टीका केली, पोटजातीच्या अभिमानावर बोट ठेवले, घरातील मुलीला आणि मुलाला लावल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या मापांवर गाणे रचले, तर ते ऐकून घ्या. जलशाने आपल्या वडीलधाऱ्यांना हेच ऐकवले होते आणि त्यांनी ते ऐकले, म्हणून आपण आज येथे आहोत.

काही गाणी बेसूर होतील. काही शब्द मोडके असतील, 'ळ' चुकेल, 'ण' चुकेल. चुकू द्या. अस्खलित मौनापेक्षा मोडकी भाषा शतपटीने मोलाची. वाइपूसारख्या लहानशा गावातून निघालेले माओरी शब्द जर्मनीच्या मैदानात घुमतात, तर चवदार तळ्याची गोष्ट ऑकलंडच्या एखाद्या गॅरेजातून का घुमू नये? ती कोणत्या वाद्यावर घुमेल, याची चिंता ज्येष्ठांनी करू नये. ती मराठीत घुमेल की नाही, याची चिंता मात्र आजच, या घटकेस, स्वतःच्या स्वयंपाकघरापासून करावी. मुलांच्या खोलीचे दार बंद आहे म्हणून रडत बसण्यापेक्षा ते ठोठावावे, आत जावे आणि विचारावे : बाळा, यात तुझ्या पणजोबाचे गाणे बसेल का?

भवतु सब्ब मंगलम्! जयभीम!